लुकलुकणाऱ्या पडद्याला मेंदू खरंच प्रतिसाद देतोय, की हा नुसता अल्फा (मेंदूची स्वतःची लय) आहे?

कवडसा

नमस्कार. डोळ्यांसमोर काय दिसतंय त्यानुसार मेंदूलहरी कशा बदलतात हे ईईजीवर मोजायचा एक प्रयोग मांडलाय, पण तीन ठिकाणी गाडं अडलंय.

मांडणी: ८ चॅनेलचा ॲम्प्लिफायर, सेकंदाला २५० नमुने, लॅपटॉपला ब्लूटूथने जोडलेला. जेल भरायचे कप इलेक्ट्रोड ओ१, ओझेड, ओ२, पीओ७, पीओ८, पीझेड, सीझेड आणि एफपी१ वर (डोक्यावरच्या ठरलेल्या जागा: ओ आणि पीओ मागे, पीझेड त्यांच्या पुढे, सीझेड टाळूवर, एफपी१ कपाळावर). रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे तो इलेक्ट्रोड) डाव्या कानामागच्या हाडावर, ग्राउंड उजव्या. मॉनिटर २४ इंची एलसीडी, ६० हर्ट्झचा, डोळ्यांपासून ६० सेंमीवर. मध्यभागी पांढरा चौकोन काळ्या पार्श्वभूमीवर ८, १०, १२ आणि १५ हर्ट्झने लुकलुकतो, प्रत्येक वारंवारता ३० सेकंद. चालू-बंद करायला प्रोग्राममध्ये टायमर वापरलाय. एफएफटीची, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या गणिताची, खिडकी २५६ नमुन्यांची.

अडचणी:

१) १० हर्ट्झला छान उंच टोक येतं, पण चौकोन स्थिर ठेवला तरी तिथे जवळपास तेवढंच टोक असतं.

२) ८ हर्ट्झ लावलं की ८ ला बुटकं, पसरट टोक आणि शिवाय ४ आणि १२ ला छोटी टोकं. ही कुठून येतात?

३) चेकरबोर्ड (काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा पट) सेकंदाला २ वेळा उलटवून (काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे करून) १०० तुकड्यांची सरासरी काढली. १०० मिलिसेकंदांच्या आसपास पी१०० (दृश्य बदलल्यावर डोक्याच्या मागच्या भागात येणारी धन लहर) दिसायला हवा होता. जवळजवळ सपाट रेघ आली.

आणखी एक: निसर्गाची शांत चित्रं आणि गर्दीची, भडक रंगांची चित्रं प्रत्येकी १० सेकंद दाखवली. दुसऱ्या प्रकारात अल्फा कमी दिसतो. यावरून "भडक चित्रं मेंदूवर ताण आणतात" असं म्हणता येईल का?

दोन_ठिपके

तिन्ही अडचणींचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. प्रकाश पडद्यावर नेमका कधी बदलला हे तुमच्या नोंदीत कुठेच नाही. ते कळेपर्यंत मेंदूबद्दल काहीही म्हणणं घाईचं ठरेल. क्रमाने घेऊ.

८ हर्ट्झचं कोडं. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदाच बदलतो. ८ हर्ट्झच्या एका आवर्तनाला ७.५ फ्रेम लागतात आणि अर्धी फ्रेम तर दाखवता येत नाही. म्हणून पडदा एक आवर्तन ७ फ्रेमचं, पुढचं ८ फ्रेमचं असं करत जातो. ही जोडी दर १५ फ्रेमना पुन्हा येते, म्हणजे मूळ लय ४ हर्ट्झची झाली, आणि तिच्या पटीत ४, ८, १२, १६ सगळीकडे ऊर्जा जाते. ४ आणि १२ ची टोकं पडद्यातच आहेत, मेंदूने ती इमानाने परत दिली. यातलं १२ जास्त घातक, कारण ती तुमची स्वतःची चाचणी-वारंवारता आहे.

६० हर्ट्झवर पूर्ण फ्रेममध्ये बसणाऱ्या वारंवारता: ६, ६.६७, ७.५, ८.५७, १०, १२, १५, २०, ३०. ८ ऐवजी ७.५ घ्या. १२ मध्येही खोच आहे. आवर्तन ५ फ्रेमचं, म्हणजे २ चालू ३ बंद. पडदा ४० टक्के वेळच उजळ राहतो. १० (३-३) आणि १५ (२-२) ला तो निम्मा वेळ उजळ असतो. सरासरी प्रकाश वेगळा म्हणून त्यांची उंची थेट एकमेकांशी तोलू नका.

हे दोन्ही टाळायचं तर चालू-बंद सोडून चौकोनाचं तेज साइनप्रमाणे बदला: तेज = ०.५ × (१ + साइन(२ × π × वारंवारता × फ्रेम क्रमांक ÷ ६०)). यात ८ हर्ट्झसुद्धा चालतं. पण आधी मॉनिटरची गॅमा दुरुस्ती करा. पिक्सेलला निम्मं मूल्य दिलं की तेज निम्मं होत नाही, गॅमा २.२ असेल तर ते सुमारे २२ टक्केच असतं. दुरुस्तीशिवाय तुमचा साइन साइन राहत नाही.

टायमर काढून टाका. "५० मिलिसेकंद थांब" म्हटलं की संगणक ४९ ते ६० मध्ये कधीही जागा होतो आणि फ्रेम चुकते. फ्रेम मोजा: प्रत्येक वेळी पडदा अदलाबदलीची वाट बघायची, गणक एकने वाढवायचा आणि गणकावरून तेज ठरवायचं. सायकोपायमध्ये (अशा प्रयोगांसाठीची संगणक प्रणाली) हे सरळ होतं. सुटलेल्या फ्रेमची नोंद ठेवायची सोयही त्यात आहे, ती चालू ठेवा. मॉनिटरचा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि संगणकाचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करा. ब्राइटनेस १०० टक्के ठेवा, कारण कमी ब्राइटनेसवर काही पडद्यांचा मागचा दिवा स्वतःच भराभर चालू-बंद होत असतो.

१० हर्ट्झचं टोक. हा अल्फाच. हान्स बर्गरने १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीवरचा पहिला लेख छापला, आणि डोळे मिटले की वाढणारी, उघडले की दबणारी ही ८ ते १३ हर्ट्झची लय त्याच्याच नोंदींतून पुढे आली. काही जणांमध्ये ती उघड्या डोळ्यांनीही ठळक राहते, कंटाळा आला की आणखी वाढते. लुकलुकीचा प्रतिसाद आणि अल्फा यांना वेगळं काढायची खूण रुंदीत आहे. अल्फाचा डोंगर १-२ हर्ट्झ रुंद असतो, लुकलुकीचं टोक सुईसारखं एकाच खान्यात (एफएफटीच्या एका वारंवारता-पायरीत).

पण तुमच्या २५६ नमुन्यांच्या खिडकीत सुई दिसणारच नाही. खिडकी १.०२४ सेकंदांची, खाने ०.९७७ हर्ट्झ अंतरावर. १० हर्ट्झ ९.७७ आणि १०.७४ च्या मध्ये पडतं आणि दोन्हीकडे सांडतं. १००० नमुने घ्या: ४ सेकंद, खाने ०.२५ हर्ट्झचे, आणि ७.५, १०, १२, १५ सगळे बरोबर खान्यावर. (८.५७ वापरायचं झालं तर खिडकी ४.२ सेकंदांची, म्हणजे १०५० नमुने, त्यात ३६ आवर्तनं पुरी बसतात. पण त्या खिडकीत १२ हर्ट्झ बसत नाही.) ३० सेकंदांपैकी पहिला १ सेकंद टाका, कारण चौकोन अचानक सुरू होण्याचा वेगळा प्रतिसाद त्यात असतो. उरलेल्यात ४ सेकंदांच्या ७ खिडक्या. आधी वेळेत सरासरी, मग एफएफटी, हा क्रम मोडू नका. अल्फाची कला (लहर आवर्तनात कुठे आहे ते) दर खिडकीत वेगळी असते म्हणून ती सरासरीत विरते. प्रकाशाला बांधलेला प्रतिसाद टिकतो.

मग गुणोत्तर काढा: त्या खान्याची उंची भागिले शेजारच्या खान्यांची सरासरी. लगतचा एकेक खाना सोडून दोन्हीकडचे पुढचे ८-८ घ्या. अल्फाचा डोंगर शेजाऱ्यांनाही उचलतो, म्हणून नुसत्या अल्फाचं गुणोत्तर १ च्या आसपास राहतं. माझ्या मते ३ च्या खाली असेल तर त्यावर काही बांधू नये.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. "६० हर्ट्झ" मॉनिटर पुष्कळदा ५९.९४ वर चालतो. मग तुमचं १० हे खरं ९.९९ असतं. खिडक्या संगणकाच्या घड्याळाने कापल्या तर १०० सेकंदांत अख्खं एक आवर्तन मागे पडतं आणि सरासरी प्रतिसादच खाऊन टाकते. खिडकी नेहमी फ्रेमच्या मार्करपासून (नोंदीतल्या वेळेच्या खुणेपासून) कापा.

सपाट पी१००. इथे ब्लूटूथकडे बोट जातं. मार्कर लॅपटॉपवर पडतो, ईईजी हवेतून गठ्ठ्यागठ्ठ्याने येतं, आणि दोन्हींतलं अंतर दर वेळी बदलतं. या थरथरीचं प्रमाणित विचलन २० मिलिसेकंद असेल तर १० हर्ट्झचा घटक सरासरीत ४५ टक्केच उरतो, १५ हर्ट्झचा १७ टक्के. विचलन ५ मिलिसेकंदांवर आणलं तर १० हर्ट्झचा ९५ टक्के टिकतो.

उपाय स्वस्त आहे. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा ठिपका ठेवा, जो चेकरबोर्डबरोबर काळा-पांढरा होतो. त्यावर फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारा छोटा भाग) चिकटवा, भोवती काळी टेप. त्याच्या दोन टोकांत रोध घालून मिळणारं व्होल्टेज एफपी१ सोडून त्या चॅनेलला द्या. वेगळा वीजपुरवठा लागत नाही आणि देऊही नका. व्होल्टेज काही मिलिव्होल्टच ठेवा, नाहीतर चॅनेल तुंबतो. आता प्रकाश आणि ईईजी एकाच घड्याळावर आले. पडदा वरून खाली रंगतो, म्हणून ठिपका वरच्या कोपऱ्यात असेल तर मध्यभाग सुमारे ८ मिलिसेकंद उशिरा बदलतो. हा फरक कायमचा आहे, वजा करून टाका.

रेफरन्सही बदला. कानामागचं हाड पश्चकपालाच्या (डोक्याच्या मागच्या भागाच्या) बऱ्यापैकी जवळ आहे, ओझेडचा थोडा सिग्नल तिथेही असतो आणि वजाबाकीत जातो. वैद्यकीय चाचणीत ओझेड सक्रिय आणि एफझेड (डोक्याच्या पुढच्या भागातली मधली जागा) रेफरन्स घेतात, तसंच करा.

मंदज्योत

वरच्या उत्तराला पी१०० बद्दल थोडी पुस्ती.

सेकंदाला नेमके २ बदल, म्हणजे ५०० मिलिसेकंदांचं अंतर. त्यात ५० हर्ट्झच्या मुख्य विजेची बरोबर २५ आवर्तनं बसतात. १०० काय, १००० तुकडे घेतले तरी ती गुणगुण सरासरीत मावळणार नाही, कारण ती दर वेळी त्याच कलेत येते. ३१ फ्रेमनी उलटवा: ५१६.७ मिलिसेकंद, सेकंदाला १.९४ वेळा. वीज आपोआप सरासरीत विरते आणि नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारी गाळणी) लावून लहरीचा आकार बिघडवावा लागत नाही. गाळणी १ ते १०० हर्ट्झ पुरे.

चौकडी केवढी? मोठी १ अंशाची, छोटी ०.२५ अंशाची. ६० सेंमीवर १ अंश म्हणजे साधारण १.०५ सेंमी, २४ इंची पूर्ण एचडी पडद्यावर ३८ पिक्सेल. एकूण क्षेत्र किमान १५ अंश, म्हणजे १५.८ सेंमी. मधोमध बारीक लाल ठिपका, नजर तिथेच. चष्मा असेल तर चष्म्यासकट. धूसर दिसलं की छोट्या चौकडीचा पी१०० उशिरा आणि बुटका येतो, आणि लोक त्याला चेतासंस्थेचा दोष समजून बसतात. एक डोळा झाकून एकेक तपासा. दोन वेगळ्या फेऱ्या घेऊन एकावर एक ठेवा. दोन रेघा जुळत नसतील तर एकीवरही विश्वास नको.

ओझेड अंदाजाने लावू नका. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजा, त्याच्या १० टक्के उंचवट्याच्या वर. अंतर ३६ सेंमी असेल तर ३.६ सेंमी. ओ१, ओ२ तिथून डोक्याच्या घेराच्या ५ टक्के डावी-उजवीकडे. मागे केस दाट असतात. ते बाजूला सारून त्वचा दिसेपर्यंत वाट काढायची, हलकं घासायचं, मग जेल. रोध ५ किलोओहमच्या खाली आणा. जेल जास्त झालं तर ओ१ आणि ओझेड आतल्या आत जोडले जातात आणि दोन चॅनेल हुबेहूब सारखे दिसतात.

आता चित्रं. तुमचा निष्कर्ष या मांडणीत काढता येणार नाही. अल्फा कमी होणं म्हणजे पश्चकपालाचा भाग कामाला लागला, एवढंच. तो का लागला याची चार कारणं तुमच्या चित्रांत एकत्र मिसळलेली आहेत. गर्दीच्या चित्रात कडा जास्त, कॉन्ट्रास्ट जास्त, सरासरी तेज बहुधा वेगळं, आणि बघायला खूप असल्याने नजर जास्त उड्या मारते. नजरेच्या प्रत्येक उडीनंतर पश्चकपालावर लॅम्डा नावाची धन लहर येते. चित्राचा विषय, भावना, ताण यांचा नंबर फार मागे लागतो.

निदान एवढं करा. सगळी चित्रं करड्या छटांत आणा, प्रत्येकाचं सरासरी तेज आणि कॉन्ट्रास्ट एकसारखं करा. प्रत्येक चित्राची एक विस्कटलेली आवृत्ती बनवा, जिच्यात कडांचा बारीक-जाडपणा तोच पण अर्थ नाही. फरक खऱ्या चित्रांत दिसला आणि विस्कटलेल्यांत नाही, तर विषयाबद्दल बोलायला जागा आहे. १० सेकंद फार झाले. १ सेकंद चित्र, मग १.२ ते २ सेकंद कमी-जास्त होणारा मोकळा करडा पडदा. प्रत्येक प्रकारची ४० तरी चित्रं, क्रम पिसलेला. एका प्रकारची सगळी आधी आणि दुसऱ्याची नंतर दाखवली तर तुम्ही थकवा मोजाल, कारण पेंग आली की उघड्या डोळ्यांचा अल्फा आणि थीटा (४ ते ८ हर्ट्झची संथ लहर) बदलतोच.

कवडसा

दोघांचेही मनापासून आभार. टायमर काढून फ्रेम मोजल्या, ८ चं ७.५ केलं. ४ हर्ट्झचं टोक गेलं! ४ सेकंदांच्या खिडकीत १५ हर्ट्झला सुई दिसते, गुणोत्तर ९. पण खात्रीसाठी पडद्यासमोर जाड काळा पुठ्ठा धरला, काहीच दिसत नव्हतं, तरी १५ ला गुणोत्तर ४ येतंय. आता याचं काय?

आणि ४० हर्ट्झची लुकलुक या पडद्यावर करता येईल का? मेंदूच्या गॅमा लहरींबद्दल (साधारण ३० हर्ट्झच्या वरच्या) बरंच ऐकतो.

दोन_ठिपके

पुठ्ठ्याची चाचणी केलीत हे सगळ्यात मोलाचं. पुठ्ठ्यामागेही उरलेलं टोक मेंदूतलं नाही, ते तारांतून आलंय. पडदा काळा-पांढरा होतो तेव्हा त्याचा वीजवापर त्याच लयीत बदलतो, आणि इलेक्ट्रोडच्या तारा अँटेनासारखं ते पकडतात. म्हणजे आधीच्या ९ मधलाही काही भाग खोटा होता.

लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. इलेक्ट्रोडच्या तारा एकत्र पिळून मानेवरून मागे न्या, पडद्याकडे लोंबत ठेवू नका. मॉनिटरची केबल आणि ॲम्प्लिफायर यांत निदान अर्धा मीटर ठेवा. मग प्रत्येक इलेक्ट्रोडचा रोध पुन्हा तपासा. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ३० किलोओहम असेल तर बाहेरची गुणगुण वजाबाकीत कटत नाही, सगळ्या चॅनेलमध्ये शिरते. पुठ्ठ्यासकट गुणोत्तर १ च्या आसपास येईपर्यंत पुढे जाऊ नका. टोकाचा टाळूवरचा पसाराही बघा: खरा प्रतिसाद ओझेडला सगळ्यात उंच, सीझेडकडे उतरत जातो. तारांतून आलेलं टोक जिथे रोध जास्त तिथे उंच.

पडद्याऐवजी एलईडी वापरणाऱ्यांनी हीच चाचणी दुप्पट काळजीने करावी, कारण तिथे तर दिव्याच्या तारेतूनच चौकोनी लहर धावत असते.

४० हर्ट्झ या पडद्यावर नाही. १.५ फ्रेम लागतात, म्हणजे ८ हर्ट्झचीच गोष्ट पुन्हा, आणि या वेळी २० हर्ट्झचा घटक शिरेल. १२० हर्ट्झच्या पडद्यावर ३ फ्रेममध्ये बसतं. लुकलुकीने आणलेलं ४० हर्ट्झचं सुईटोक ओळखता येतं. पण चित्र बघून आपोआप "गॅमा वाढला" असं दिसलं तर फार जपून राहा. कपाळाच्या, जबड्याच्या, मानेच्या स्नायूंची वीज २० हर्ट्झच्या वर सगळीकडे पसरलेली असते. शिवाय २००८ मध्ये दाखवलं गेलं की चित्रानंतर २०० ते ३०० मिलिसेकंदांत टाळूवर दिसणारा रुंद गॅमा बऱ्याच अंशी डोळ्यांच्या सूक्ष्म उड्यांच्या स्नायूंचा असतो. दात सैल, हनुवटीला आधार, आणि नजरेची नोंद असेल तर उत्तम.

एका शब्दाबद्दलही लिहितो. "लुकलुकीने मेंदूची लय बांधली जाते" असं सर्रास म्हटलं जातं. १५ हर्ट्झला टोक दिसणं एवढ्याने ते सिद्ध होत नाही. प्रत्येक उजेडाला एक छोटा प्रतिसाद येतो आणि ते एकामागोमाग रचले जातात, असं धरलं तरी हुबेहूब तेच टोक मिळतं. लय खरंच बांधली असेल तर लुकलुक थांबल्यावरही ती काही आवर्तनं त्याच कलेत चालू राहायला हवी. म्हणून शेवटच्या फ्रेमनंतरचे २ सेकंद नोंदीत ठेवा. बहुतेक लोक नेमके तेच कापून टाकतात.

तिरपी_रेघ

एवढ्या चर्चेत सुरक्षिततेचा विषय कुणीच काढला नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही इतरांना १५ हर्ट्झची काळी-पांढरी लुकलुक दाखवताय. प्रकाशाने अपस्माराचा झटका येणाऱ्यांसाठी १५ ते २५ हर्ट्झ हा सगळ्यात धोक्याचा पट्टा आहे, आणि आपल्याला हा त्रास आहे हे काही जणांना पहिल्या झटक्यापर्यंत माहीतच नसतं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टून मालिकेत लाल-निळा पडदा १२ हर्ट्झच्या आसपास लुकलुकला आणि सुमारे ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यातल्या अनेकांना आधी कधीच झटका आला नव्हता.

म्हणून बसवण्याआधी विचारा: स्वतःला किंवा घरात कुणाला फिट्स, तापातले झटके, तीव्र अर्धशिशी, डोक्याला मार, रात्रभर जागरण, झटक्याचा उंबरठा खाली आणणारी औषधं. एकाही प्रश्नाला "हो" आलं तर लुकलुक दाखवू नका. लहान मुलं नकोतच. चौकोन ४-५ अंशांपेक्षा, म्हणजे ६० सेंमीवर ४ ते ५ सेंमीपेक्षा मोठा करू नका. गडद लाल वापरू नका. खोलीतला दिवा चालू ठेवा, अंधारात कॉन्ट्रास्ट वाढतो. पूर्ण काळा-पांढरा करण्याऐवजी साइनने हलकं कमी-जास्त केलं तर टोक थोडं बुटकं येईल, पण त्रास बराच कमी. एक वारंवारता ३० सेकंदांऐवजी १२ सेकंद, मध्ये १५ सेकंद करडा पडदा. ४ सेकंदांच्या खिडक्या तेवढ्यातही २ मिळतात, फेऱ्या वाढवून बाकीच्या मिळवा.

समोरच्याला डोळ्यांत विचित्र वाटलं, पापण्या किंवा हात फडफडले, तर "डोळे मिट" म्हणू नका. मिटलेल्या पापण्यांतून प्रकाश लालसर होऊन सगळ्या दृष्टिपटलावर पसरतो. तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायला सांगा, त्याने मेंदूकडे जाणारा उत्तेजनाचा जोर पटकन कमी होतो, आणि तेवढ्यात पडदा बंद करा. प्रोग्राममध्ये स्पेस बार दाबताच पुढच्याच फ्रेमला करडा पडदा येईल अशी सोय आजच घाला, आणि ती कळ दाबणारा माणूस पडद्याकडे नाही, बसलेल्याच्या चेहऱ्याकडे बघत असला पाहिजे.